तपासण्या पुण्यात, बाळंतपण परभणीला: जीबीएसची टेस्ट करायची की नाही?

ताई, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. बाकीच्यांनाही कळावं म्हणून आधी मला समजला तसा मांडते. चौतिसावा आठवडा चालू आहे, पहिलटकरीण आहात, आठव्या महिन्यापर्यंतच्या सगळ्या तपासण्या पुण्यात झाल्या आणि आता डोहाळजेवण उरकून माहेरी परभणीला आलात. न्यू जर्सीतल्या जाऊबाई फोनवर म्हणाल्या की तिकडे छत्तिसाव्या आठवड्यात जीबीएसचा, म्हणजे योनीमार्गात सापडणाऱ्या एका जंतूचा, स्वॅब (कापसाच्या काडीने घेतलेला नमुना) घेतातच, तुझा कसा नाही घेतला. इथल्या मॅडमना विचारलं तर त्या म्हणाल्या गरज नाही. आणि मेडिकल चालवणाऱ्या मावसभावाने सुचवलं की पाच दिवस ॲमॉक्सिसिलिन घेऊन टाक, टेन्शनच नको. आता तुम्हाला झोप नाही.

मी बाळांची डॉक्टर आहे, स्त्रीरोगतज्ज्ञ नाही, हे आधीच सांगते. तेवीस वर्षं मराठवाड्यातच एका जिल्ह्याच्या गावी नवजात अतिदक्षता विभागात काम करतेय, म्हणजे लेबर रूममध्ये मला शेवटच्या दहा मिनिटांत बोलावतात आणि त्याआधीच्या नऊ महिन्यांत काय झालं, काय राहिलं ते मला बाळावरून कळतं. त्यामुळे माझं उत्तर बाळाच्या बाजूने आहे असं धरा, आईच्या बाजूचं शेवटचं बोलणं तुमच्या मॅडमशीच करा.

झोप यावी म्हणून तीन उत्तरं आधी देऊन टाकते. जाऊबाई खोटं बोलत नाहीत, तिकडे तसंच आहे. मॅडमनी हलगर्जीपणा केलेला नाही. आणि मावसभावाच्या गोळ्या घेऊ नका. आता का, ते सावकाश.

जीबीएस म्हणजे ग्रुप बी स्ट्रेप्टोकोकस. याचं शास्त्रीय नाव स्ट्रेप्टोकोकस ॲगॅलॅक्टिए, ॲगॅलॅक्टिया म्हणजे दूध न येणं, कारण हा जंतू आधी माहीत झाला तो गाईंच्या कासेला सूज येऊन दूध आटतं त्या आजारात. पुढे १९३० च्या दशकात रिबेका लान्सफील्ड नावाच्या बाईंनी न्यूयॉर्कमध्ये या स्ट्रेप्टोकोकसांचे ए, बी, सी असे गट पाडले आणि हा ‘बी’ झाला. म्हणून कुणी आता तुम्हाला गोठ्यात जाऊ नको सांगायला लागलं तर मनावर घेऊ नका, बायकांमध्ये सापडतो तो स्वतःच्याच आतड्यात राहणारा, तिथून योनीमार्गात येणारा पाहुणा आहे. येतो, काही महिने राहतो, जातो, परत येतो. आईला बहुतेक वेळा काही त्रास नसतो, पांढरं जाणं नाही, खाज नाही, ताप नाही. हा गुप्तरोग नाही, अस्वच्छतेची खूण नाही आणि नवऱ्याला औषध द्यावं लागत नाही. हे मुद्दाम लिहिते कारण पॉझिटिव्ह रिपोर्ट बघून सासूबाईंनी सुनेला वेगळा साबण दिल्याचं मी पाहिलेलं आहे.

मग बाळाला काय होतं? कळा सुरू झाल्या, पाणी गेलं की बाळ त्या मार्गाने येताना जंतू घेऊन येतं. बहुतेक बाळांच्या अंगावर तो नुसता बसतो आणि काहीच होत नाही. थोड्यांच्या रक्तात, फुप्फुसात किंवा मेंदूच्या आवरणात शिरतो, आणि ही बाळं पहिल्या चोवीस-अठ्ठेचाळीस तासांत इतक्या वेगाने बिघडतात की सकाळी गुलाबी असलेलं बाळ संध्याकाळी व्हेंटिलेटरवर असतं.

‘थोड्यांच्या’ म्हणजे किती, याचा हिशोब करूया, तो केल्याशिवाय ही चर्चा नुसती भीतीवर चालते. अमेरिकेत चारातल्या एका गरोदर बाईकडे हा जंतू सापडतो. हजार बायका घेतल्या तर अडीचशे. काहीच उपाय केला नाही तर त्यातल्या साधारण निम्म्या बाळांकडे तो जातो, म्हणजे सव्वाशे. आणि त्या सव्वाशेतल्या शेकडा एक-दोन बाळांना खरा आजार होतो, म्हणजे हजार बाळंतपणांमागे एक ते दोन बाळं. १९९० च्या सुरुवातीला अमेरिकेतला प्रत्यक्ष आकडा हजारी पावणेदोनच्या आसपास होता, हिशोब जुळतो. आता दक्षिण आशियातल्या अभ्यासांचा गोळाबेरीज आकडा बघितला तर शंभरात बारा-तेरा बायकांकडे हा जंतू मिळतो, म्हणजे तिकडच्या निम्मा. त्याच गणिताने आपल्याकडे हजारामागे एखादं बाळ. प्रत्यक्ष नोंदी त्याहून कमी दिसतात, पण त्यावर मी फार विसंबत नाही, कारण आपल्याकडे कित्येक बाळांचं ब्लड कल्चर (रक्तातला जंतू वाढवून बघायची तपासणी) घ्यायच्या आधीच अँटिबायोटिक सुरू झालेलं असतं आणि मग कल्चरमध्ये काहीच उगवत नाही.

हजारात एक. तुमच्या एकटीच्या दृष्टीने फार लहान आकडा. मात्र ज्या घरी ते एक बाळ जन्मतं तिथे हा आकडा कोणी ऐकून घेत नाही, हेही तितकंच खरं.

अमेरिकेत काय केलं ते सांगते. १९८६ साली एक चाचणी प्रसिद्ध झाली, त्यात दिसलं की जंतू असलेल्या आईला कळा सुरू असताना शिरेतून अँटिबायोटिक दिलं तर बाळ वाचतं. १९९६ मध्ये सीडीसीने, म्हणजे तिथल्या सरकारी आरोग्य संस्थेने, सांगितलं की सगळ्यांचा स्वॅब घ्या किंवा ज्यांना धोक्याची लक्षणं आहेत त्यांनाच औषध द्या, दोन्ही चालेल. मग दोन्ही पद्धतींची तुलना झाली, सगळ्यांचा स्वॅब घेण्याची पद्धत स्पष्टपणे सरस निघाली, आणि २००२ पासून तिकडे सरसकट स्वॅब सुरू झाला. आता ३६ ते ३७ पूर्ण आठवड्यांच्या दरम्यान घेतात. जन्मानंतरच्या पहिल्या आठवड्यातला जीबीएसचा आजार तिथे ऐंशी टक्क्यांहून जास्त कमी झाला. नवजात बाळांच्या बाबतीत एवढं स्वच्छ यश फार कमी वेळा मिळतं, त्यामुळे जाऊबाईंच्या आवाजातली खात्री मला समजते.

पण आता तुमची एखादी मैत्रीण लंडनला असेल तर तिला फोन करा. ब्रिटनमध्ये सरसकट स्वॅब घेत नाहीत! तिकडचं म्हणणं असं की जंतू येतो-जातो, छत्तिसाव्या आठवड्यात पॉझिटिव्ह असलेली बाई चाळिसाव्यात निगेटिव्ह असू शकते आणि उलटही, शिवाय एका बाळासाठी शेकडो बायकांना सलाईनमधून अँटिबायोटिक द्यावं लागतं, त्याचेही परिणाम आहेतच. तिथे साधारण साडेसतराशे बाळांमागे एकाला हा आजार होतो आणि ते धोक्याची लक्षणं बघून औषध देतात. त्यावर तिकडे मोठी चाचणीही हाती घेतलेली आहे, म्हणजे त्यांच्यातही एकमत नाही. दोन श्रीमंत देश, दोघांकडे तीच पुस्तकं आणि दोन उत्तरं. त्यामुळे परभणीच्या मॅडमनी तिसरं काही सांगितलं म्हणून लगेच त्यांच्यावर अविश्वास दाखवू नका.

आता आपलं. आपल्या सरकारी कार्यक्रमात गरोदरपणात एचआयव्ही, सिफिलिस, हिमोग्लोबिन, लघवी, साखर हे सगळं आहे, जीबीएसचा सरसकट स्वॅब नाही. त्यामागे पैसे हे कारण आहेच, ते लपवण्यात अर्थ नाही. पण आमच्या वॉर्डातून दिसतं ते कारण वेगळं आहे. दिल्लीतल्या तीन मोठ्या हॉस्पिटलांनी २०११ ते २०१४ मध्ये तिथे जन्मलेल्या अठ्ठ्याऐंशी हजारांहून जास्त बाळांवर लक्ष ठेवून एक अभ्यास केला, २०१६ साली तो छापून आला. अतिदक्षता विभागात आलेल्या बाळांच्या रक्तात सगळ्यात जास्त काय सापडलं, तर ॲसिनेटोबॅक्टर, मग क्लेबसिएला, मग ई. कोलाय. जीबीएस या यादीत वर कुठेच नाही. आणि जंतुसंसर्गाच्या जवळपास दोन तृतीयांश घटना पहिल्या ७२ तासांतल्या! ॲसिनेटोबॅक्टर तर ऐंशी टक्क्यांहून जास्त वेळा अनेक औषधांना दाद न देणारा. हे मोठ्या रेफरल हॉस्पिटलांचं चित्र आहे, तुमच्या मॅडमच्या वीस खाटांच्या हॉस्पिटलला जसंच्या तसं लागू होणार नाही, पण माझ्याकडे येणाऱ्या बाळांचे रिपोर्ट असेच असतात, क्लेबसिएला रोजचा आणि जीबीएस वर्षातून एखाद-दुसरा.

हे जंतू येतात कुठून? काही आईच्या आतड्यातून, पण पुष्कळसे न धुतलेल्या हातांतून, सक्शनच्या नळीतून, वॉर्मरच्या गादीवरून, पाण्याच्या नळातून. त्याला जीबीएसचा स्वॅब काय करणार? जंतू निगेटिव्ह म्हणून निर्धास्त झालेल्या एका घरचं बाळ माझ्याकडे आलं होतं, आईचं पाणी सव्वीस तास गळत होतं आणि घरचे ‘कळा कुठे आहेत अजून’ म्हणत बसून राहिले, बाळाच्या रक्तात ई. कोलाय निघाला. निगेटिव्ह रिपोर्ट कपाटात नीट ठेवलेला होता.

म्हणजे टेस्ट करू नका असं मी म्हणतेय का? नाही. बऱ्याच गोष्टींवर अवलंबून आहे, आणि त्यातली सगळ्यात मोठी गोष्ट तुमच्या प्रश्नात तुम्ही अगदी जाता जाता लिहिलीये, ‘फाईल पुण्यालाच राहिली आहे, व्हॉट्सॲपवर सोनोग्राफी आहे’. इथे मी वाचताना थांबले.

काही वर्षांपूर्वीची गोष्ट सांगते, ओळख पटू नये म्हणून तपशील बदलून. अशीच पहिलटकरीण, सासरी मोठ्या शहरात तपासण्या, माहेरी बाळंतपण. दिवस पूर्ण भरलेले, नॉर्मल डिलिव्हरी, बाळ रडलं, पेढे वाटले. नऊ तासांनी मावशी म्हणाल्या बाळ कण्हतंय. गेले तर श्वास मिनिटाला ऐंशी, छाती आत ओढली जातेय, रंग राखाडी. त्याच रात्री व्हेंटिलेटर लागला. दोन दिवसांनी रक्तात जीबीएस उगवला. तेव्हा बाळाच्या वडिलांनी मोबाईलवर जुने ईमेल उघडले आणि पाचव्या महिन्यातल्या लघवीच्या कल्चरच्या रिपोर्टमध्ये बारीक अक्षरात तोच जंतू लिहिलेला होता. तेव्हा पाच दिवसांच्या गोळ्या घेतल्या होत्या, जळजळ थांबली होती आणि विषय सगळ्यांच्या डोक्यातून गेला होता. गरोदरपणात लघवीत हा जंतू एकदा जरी सापडला, कितीही कमी प्रमाणात, तरी ती बाई बाळंतपणापुरती पॉझिटिव्हच धरायची असते, नंतर वेगळा स्वॅबही लागत नाही, कळा सुरू झाल्या की सरळ औषध. हे पहिल्या डॉक्टरांना माहीत होतं, दुसऱ्यांनाही माहीत होतं. पण पहिल्यांकडे बाई नव्हती आणि दुसऱ्यांकडे कागद नव्हता. बाळ दहा दिवस पेनिसिलिन घेऊन घरी गेलं, मेंदूपर्यंत संसर्ग पोचला नव्हता हे नशीब. पण नशिबाचा भाग तिथे फार जास्त होता.

अमेरिकेत छत्तिसाव्या आठवड्याचा स्वॅब काम करतो कारण बाई सहसा त्याच दवाखान्याच्या व्यवस्थेत बाळंत होते आणि रिपोर्ट तिच्या आधी लेबर रूममध्ये पोचलेला असतो. आपल्याकडे आठव्या महिन्यात बाईच गाव बदलते. मला माहेरच्या बाळंतपणाविरुद्ध काही म्हणायचं नाही, माझी स्वतःची दोन्ही तिथलीच आहेत, आईच्या हातचे डिंकाचे लाडू आणि झोप या दोन गोष्टींना पर्याय नाही. पण ओटी भरून निघताना बॅगेत साड्यांच्या वर ती फाईल हवी.

तर इथपर्यंतचं असं की टेस्ट चांगली आहे, पण ती साखळीतली एक कडी आहे. बरोबर घेतलेला स्वॅब, बरोबर लावलेलं कल्चर, वेळेवर पोचलेला कागद आणि बाळ जन्मायच्या आधी शिरेत गेलेलं औषध, यातलं एक निसटलं तर बाकीचं वाया.

आता तुमच्या बाबतीत काय, ते बघू. पहिलं, पुण्याच्या लॅबकडून लघवीचा रिपोर्ट मागवा. लघवीची ‘रूटीन’ वेगळी आणि ‘कल्चर’ वेगळं, रूटीनमध्ये फक्त पू-पेशी, प्रोटीन वगैरे दिसतं. कल्चर झालेलंच नसेल तर आता करून घ्या, परभणीत सहज होतं. हे मी जीबीएसच्या स्वॅबच्याही आधी सांगते, कारण शंभरात दोन ते दहा गरोदर बायकांच्या लघवीत काहीही त्रास नसताना जंतू असतात आणि तसेच सोडले तर त्यातल्या बऱ्याच जणींना पुढे किडनीपर्यंत संसर्ग, थंडी वाजून ताप, कधी वेळेआधी कळा असं होतं. दुसरं, व्हीडीआरएल म्हणजे सिफिलिसची तपासणी झाली आहे ना ते बघा. ‘आमच्याकडे कशाला असली टेस्ट’ असं म्हणणारी सुशिक्षित घरं मी पाहिली आहेत आणि त्याच घरातलं बाळही. पॉझिटिव्ह आली तर पेनिसिलिनचं इंजेक्शन बाळंतपणाच्या निदान महिनाभर आधी जायला हवं, आणि चौतिसाव्या आठवड्यात हातात साधारण तेवढेच दिवस उरलेत.

मग जीबीएसचा स्वॅब. आधीचं बाळ या आजाराने आजारी होतं किंवा लघवीत जंतू निघालेला आहे, अशांना स्वॅबची गरजच नाही, त्यांना थेट औषध. सिझेरियन आधीच ठरलंय आणि कळा किंवा पाणी जायच्या आत होणार आहे, त्यांना या जंतूसाठी वेगळं औषध लागत नाही, पण कळा आधीच सुरू झाल्या तर माहिती हाताशी असावी म्हणून तिकडे त्यांचाही स्वॅब घेतात. तुम्ही मधल्या गटात, नॉर्मल डिलिव्हरीची वाट बघणाऱ्या. तुमच्या गावात किंवा नांदेड-संभाजीनगरला नमुना पाठवणारी चांगली मायक्रोबायोलॉजीची लॅब असेल, पैशाची ओढाताण नसेल आणि मॅडम त्या रिपोर्टवर काही करणार असतील, तर छत्तिसावा पूर्ण झाला की जरूर करा. यातलं काही नसेल तर करू नका, धोक्याची लक्षणं बघून औषध द्यायची पद्धतही मान्य पद्धतच आहे.

करणार असाल तर नीट करा, कारण अर्धवट केलेली टेस्ट न केलेल्यापेक्षा वाईट, ती खोटी निगेटिव्ह येते आणि सगळे निवांत होतात. स्वॅब योनीच्या खालच्या भागातून, तोंडाजवळून घ्यायचा आणि तोच पुढे गुदद्वाराच्या थोडा आत फिरवायचा. हो, लाज वाटते, पण जंतूचं मूळ घर तेच आहे, ते सोडून फक्त योनीच्या वरच्या भागातून घेतलेला ‘हाय व्हजायनल स्वॅब’ या कामाचा नाही. स्पेक्युलम (आतून तपासायचं उपकरण) घालावा लागत नाही, समजावून सांगितलं तर बाई स्वतः बाथरूममध्ये घेऊ शकते. आणि लॅबच्या फॉर्मवर ‘जीबीएस स्क्रीनिंग’ असं ठळक लिहायला सांगा, कारण हा नमुना आधी एका खास पोषक द्रवात रात्रभर वाढवावा लागतो, नेहमीच्या प्लेटवर लावला तर बाकीच्या जंतूंच्या गर्दीत हा दिसतच नाही आणि रिपोर्ट येतो ‘नॉर्मल फ्लोरा’. पेनिसिलिनची ॲलर्जी असेल तर तेही त्याच फॉर्मवर लिहायचं म्हणजे ते दुसरी औषधं तपासून देतात. रिपोर्ट पाच आठवडे धरतात, त्यानंतरही बाळंत झाला नाहीत तर परत. म्हणूनच आत्ता चौतिसाव्यात घाई करू नका.

आता मावसभाऊ. त्यांचा हेतू चांगला आहे, पण गोळ्यांनी योनीतला जंतू चार दिवस दबतो आणि आतड्यातून परत येतो, बाळंतपणाच्या दिवशी तो तिथेच असतो. हाती काय लागतं, तर जुलाब, आणि आतड्यातले उरलेले जंतू गोळीला सरावतात. वर मी जे ई. कोलाय आणि क्लेबसिएला लिहिले ना, त्यांना औषधं न चालण्याचं एक कारण आपलं हे ‘घेऊन टाक’ आहे. ॲमॉक्सिसिलिनला सरावलेला ई. कोलाय बाळात गेला तर मी पहिलं औषध कुठलं लावू? अँटिसेप्टिकने योनी धुण्याचाही प्रयोग दक्षिण आफ्रिकेत मोठ्या चाचणीत करून झालाय, बाळांचा आजार त्याने कमी झाला नाही. म्हणजे आत कसलंही लिक्विड वापरायचं नाही.

औषध काम करतं ते कळा सुरू असताना आणि शिरेतूनच. पेनिसिलिन ५० लाख युनिट, मग दर चार तासांनी २५ ते ३० लाख, ते मिळालं नाही तर ॲम्पिसिलिन २ ग्रॅम आणि मग दर चार तासांनी १ ग्रॅम, बाळ होईपर्यंत. डोस तुमच्यासाठी लिहीत नाहीये, मॅडमना माहीत आहेत, पण एक आकडा तुम्ही लक्षात ठेवा, चार तास. पहिला डोस बाळ जन्मायच्या आधी निदान चार तास गेलेला असावा. म्हणून पॉझिटिव्ह बाईने घरी कळा मोजत बसायचं नाही, पाणी गेलं तर कळांची वाटच बघायची नाही, निघायचं. उलट बाळाचे ठोके पडले आणि तातडीने सिझर लागलं तर चार तास पूर्ण व्हायची वाट कोणी बघत नाही, बघूही नये.

स्वॅब झालाच नाही तरी तीन गोष्टींत औषध सुरू होतं: ३७ आठवड्यांच्या आत कळा, पाणी जाऊन १८ तास झाले, किंवा कळांमध्ये आईला १००.४ च्या वर ताप. मॅडमना ‘तुम्ही टेस्ट का नाही केली’ असं विचारण्याऐवजी हे विचारून बघा: माझं पाणी रात्री दोनला गेलं तर मी किती वाजता यायचं? अठरा तास झाले तर तुम्ही काय सुरू करता? बाळाला कोण बघायला येतं आणि किती वेळात? या तीन प्रश्नांची उत्तरं पटापट आली तर तुम्ही चांगल्या हातांत आहात, स्वॅब असो वा नसो. पाणी गेल्याची वेळ मात्र तुम्हीच घड्याळात बघून लिहून ठेवा, कारण ‘संध्याकाळी कधीतरी’ हे उत्तर मला दर आठवड्याला मिळतं आणि त्यावरून अठरा तास मोजता येत नाहीत.

पाणी गेल्यावर सारखी सारखी आतून तपासणी होत असेल तर अदबीने विचारायला हरकत नाही, प्रत्येक तपासणीने खालचे जंतू वर जातात. आणि बाळाला हातात घेणारा प्रत्येक माणूस, आजोबांसकट, आधी साबणाने हात धुवेल. हे सांगणं तुम्हाला जड जाईल, बाळाच्या बाबांवर सोपवा.

बाळ झाल्यावर पहिल्या तासात छातीशी, अंगाला अंग लावून, आणि चीक पाजायचा. जीबीएस पॉझिटिव्ह असलात तरी पाजायचं, दुधाने अडत नाही. मध, गुटी, गुळाचं पाणी काही नाही. नाळेला काही लावायचं नाही, कोरडी ठेवायची. आई पॉझिटिव्ह आणि औषध चार तासांपेक्षा कमी मिळालं, किंवा मिळालंच नाही, तर बाळ छान दिसत असलं तरी दीड-दोन दिवस दवाखान्यातच नजरेखाली राहू द्या, ‘पाचवीच्या आधी घरी पोचायचंय’ म्हणून चोवीस तासांत डिस्चार्ज मागू नका. सटवाईला घरचा पत्ता माहीत आहे, ती थांबते.

घरी गेल्यावरही एक गोष्ट आहे जी न्यू जर्सीच्या स्वॅबने टळत नाही. पहिल्या आठवड्यानंतर तीन महिन्यांपर्यंत होणारा जीबीएसचा आजार, ज्यात मेंदूज्वर जास्त असतो, तो बाळंतपणातल्या औषधाने कमी होत नाही, तिकडेही नाही. त्यामुळे लक्षणं ओळखता येणं हाच उपाय. चांगलं पिणारं बाळ एकाएकी पीत नाही किंवा छातीशी लावलं तरी झोपूनच जातं, हलवल्याशिवाय हातपाय हलवत नाही, शांत असताना पूर्ण एक मिनिट मोजून श्वास साठच्या वर आणि परत मोजला तरी तेवढाच, छातीखाली खड्डा पडतो, कण्हतं, ताप आहे किंवा उलट तळपायाबरोबर पोटही गार लागतं, झटके. यातलं एक जरी दिसलं तरी फोनवर विचारत बसायचं नाही, बाळ घेऊन निघायचं. लहान बाळाला जंतुसंसर्गात ताप येतोच असं नाही, अंग गार पडणं जास्त घाबरण्यासारखं, आणि नेमकं ते ‘शांत झोपलंय’ म्हणून सुटतं.

ही लक्षणं ओळखायला डॉक्टरच लागतो असं नाही, हे आपल्याच राज्यात सिद्ध झालंय. गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या ‘सर्च’ या संस्थेने ३९ गावांत गावातल्याच बायकांना हे शिकवलं, घरी जाऊन बाळ बघायचं, श्वास मोजायचा, लक्षणं जुळली आणि घरचे दवाखान्यात न्यायला तयार नसले तर जेंटामायसिन या अँटिबायोटिकचं इंजेक्शनही द्यायचं. १९९९ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात त्याचे निकाल आले, नवजात मृत्युदर ६२ टक्क्यांनी घटला होता. एकही स्वॅब न घेता. आज आशाताई तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी घरी येतात ते त्याच कामातून आलेलं आहे. तुमच्या माहेरच्या वस्तीत आशाताई असतील तर दारातून परत पाठवू नका. ‘आमचे प्रायव्हेट डॉक्टर आहेत’ म्हणून बरेच जण पाठवतात. काटा घेऊन बाळाचं वजन आणि घड्याळ घेऊन श्वास मोजणारं माणूस घरी येतंय, बसू द्या, चहा द्या.

तर आज एवढंच करा. पुण्याच्या लॅबला फोन लावून लघवीच्या कल्चरची आणि व्हीडीआरएलची पीडीएफ मागवा, यजमानांना सांगून फाईल कुरिअरने नाही तर येणाऱ्या माणसाबरोबर मागवा, आणि पीडीएफ आली की सगळ्यात खालच्या ओळीत जंतूचं नाव काय लिहिलंय ते, नाव-नंबर झाकून, इथे टाका. मी रात्री राउंड झाल्यावर बघते.